निबंधापासून संघर्षापर्यंत



१७८५ साली केंब्रिज विद्यापीठात लॅटिन निबंधाची स्पर्धा जाहीर झाली. माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय, हा विषय. पंचवीस वर्षांचा टॉमस क्लार्कसन स्पर्धेत उतरला तो निव्वळ बक्षिसासाठी. आदल्या वर्षीही त्याने असेच बक्षीस पटकावले होते. पुढे धर्मोपदेशक व्हावे, हा त्याचा ठरलेला मार्ग. गुलामांच्या व्यापाराविषयी त्याला जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते.

माहितीसाठी त्याने या व्यापारात असलेल्या एका मृत परिचिताची कागदपत्रे चाळली, वेस्ट इंडिजमध्ये राहून आलेल्या अधिकाऱ्यांना गाठले, अँथनी बेनेझेट या क्वेकर पंथीयाचा ग्रंथ वाचला. दिवसा चैन नाही, रात्री झोप नाही, अशी त्याची अवस्था झाली. बक्षीस मिळाले. निबंध विद्यापीठात वाचून तो घोड्यावरून लंडनकडे निघाला आणि हर्टफर्डशायरमधील वेड्समिलजवळ रस्त्याच्या कडेला बसून राहिला. लिहिले ते खरे असेल, तर हा अनर्थ कोणीतरी थांबवलाच पाहिजे, हा विचार त्याला सोडीना.

अशी हळहळ अनेक सुशिक्षितांना वाटते आणि घरी पोहोचेपर्यंत ती विरते. क्लार्कसनची विरली नाही, कारण तो पुराव्यामागे लागला आणि एकटा राहिला नाही. २२ मे १७८७ रोजी लंडनमधील एका छापखान्यात बारा जणांची समिती स्थापन झाली. मग तो ब्रिस्टल व लिव्हरपूल या बंदरांत गेला. व्यापाऱ्यांनी तोंडे मिटली, तेव्हा तो खलाशांकडे वळला. दारू पाजून, कर्जात अडकवून खलाशांना गुलामवाहू जहाजांवर कसे चढवतात, हे त्याने बंदरावरच्या गुत्त्यांत रात्री जागून पाहिले. हा व्यापार म्हणजे ब्रिटिश नाविकांची पाठशाळा, असे मालकवर्ग सांगे. ते त्यांचे स्मशान आहे, हे मालकांच्याच जहाजांवरील हजेरीपटांतून क्लार्कसनने सिद्ध केले. लिव्हरपूलच्या एका दुकानात हातकड्या, बेड्या, अंगठे चिरडण्याचे स्क्रू उघड विक्रीला होते. अन्न नाकारणाऱ्या गुलामाचा जबडा फाकवण्याचे हत्यारही तेथेच मिळाले. पुरावा म्हणून त्याने हे सारे विकत घेतले. (त्या हत्याराची गरज पडत होती, यावरूनच जहाजाच्या तळघरात प्रतिकार चालू होता हे उघड होते.) याच बंदरात त्याला धक्क्यावरून पाण्यात लोटण्याचाही प्रयत्न झाला.

केवळ सज्जनांच्या विवेकाने साखळदंड तुटले, ही मात्र सत्ताधाऱ्यांची आवडती कथा. १७९१ साली फ्रेंच सेंट डोमिंगोमधील गुलामांनी बंड पुकारले आणि १८०४ साली स्वतंत्र हैती उभे केले. ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद केला तो १८०७ साली. १८३१ च्या अखेरीस जमैकातील मळ्यांवर उठाव झाला. गुलामगिरी रद्द करणारा कायदा आला १८३३ साली. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळण्यात आला होता.

त्या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती मालकांना मिळाली, गुलामांना छदामही नाही. त्यासाठी काढलेले कर्ज २०१५ साली फिटले, असे ब्रिटिश अर्थखात्याने २०१८ साली जाहीर केले.