भुवईला टाके पडले, डोळा पाहिला का?



मोटारसायकलवरून पडलेला तरुण. भुवईच्या बाहेरच्या टोकाला खोक, डोळा सुजून बंद. पाच टाके पडले, डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला, घरच्यांच्या जिवात जीव आला. चौथ्या दिवशी सूज उतरली आणि तो म्हणाला, "ह्या डोळ्यानं काहीच दिसत नाही." माझ्याकडे आला तेव्हा बुबुळ स्वच्छ, आतला पडदाही जागच्या जागी.

बिघाड मागे होता. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जेमतेम पाच सेंटिमीटरची, पण तिच्यात दहा-बारा लाख तंतू. वाटेत सेंटिमीटरभर ती हाडाच्या बोगद्यातून जाते. भुवईवरचा मार हाडातून थेट तिथवर पोचतो. नस सुजते, बोगदा मात्र तेवढाच राहतो.

मग बोगद्याची भिंत काढून नसेला जागा करून द्यावी, हे ओघानं आलंच. आता ते नाकावाटे दुर्बिणीनं करतात, चेहऱ्यावर ओरखडाही येत नाही. कल्पना मला आजही पटते. पण १९९९ साली १३३ रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशन केलेले, स्टिरॉइड दिलेले आणि नुसते देखरेखीखाली ठेवलेले, यांच्यात ठाम फरक दिसला नाही. काहींची नजर तर आपोआप सुधारली होती.

म्हणून ऑपरेशनचा विचार निवडक रुग्णांतच. हाडाचा तुकडा नसेवर दाबताना स्कॅनमध्ये दिसला, किंवा अपघातानंतर दिसत होतं आणि तासागणिक कमी होत चाललं, तर. मार लागल्या क्षणापासूनच मिट्ट काळोख असेल, तर आशा फार थोडी. तुटलेले तंतू पुन्हा जोडता येत नाहीत. त्या तरुणाचे वडील म्हणाले, "माझा एक डोळा काढून बसवा." नेत्रदानातून बसवतात ते फक्त पुढचं पारदर्शक पटल, हे त्यांना सांगताना माझीच जीभ अडखळली.

तपासणी मात्र अर्ध्या मिनिटाची. डोळा न दाबता पापणी हलकेच उघडायची. बॅटरीचा झोत आधी चांगल्या डोळ्यावर, मग चटकन मार लागलेल्या डोळ्यावर. बाहुली आकसायचं सोडून पसरू लागली, तर नस दुखावल्याची शंका घ्यायची. रुग्ण बेशुद्ध असला तरी हे करता येतं.

त्या तरुणाच्या केसपेपरवर जखमेची लांबी मिलिमीटरमध्ये नोंदवली होती. बाहुलीविषयी एक अक्षर नव्हतं.