घरचे ध्वनिमुद्रण : आवाज आणि गोंगाट



एके काळी कुणाचा आवाज टिपून ठेवायचा म्हणजे जड टेपरेकॉर्डर, फितींची रिळे आणि ते सारे उचलून नेणारा माणूस लागे. आज ती सोय खिशातल्या मोबाईलमध्ये आली आहे. शाळेत गुरुजी मुलांची कविता मुद्रित करतात, कुणी भजनी मंडळाचा अभंग टिपतो, कुणी आजीला ओव्या म्हणायला बसवतो. पण मग सगळे मिळून ऐकायला बसले की दोन तक्रारी हमखास येतात. एक, ‘आवाज फार बारीक आलाय’. दुसरी, ‘खरखरच जास्त ऐकू येते’. या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण बहुधा त्यांचे मूळ एकच असते. त्या मुळाविषयी आज थोडे सांगणार आहे.

हा विषय केवळ हौसेचा नाही, बरं का. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतल्या पुष्कळशा ध्वनिमुद्रितही झाल्या. पिठाच्या गिरणीने जाते कोपऱ्यात गेले, आणि ज्यांच्या कंठात त्या ओव्या आहेत त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. तुमच्या घरातल्या आजीची ओवी टिपायची संधी कदाचित एकदाच मिळेल. ती पंख्याच्या घरघरीत बुडाली, तर पुन्हा कुणाला म्हणायला सांगणार?

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? मुद्रणाचेही तसेच आहे. आवाज बारीक आला म्हणून पुष्कळ जण नंतर तो वाढवतात. पण वाढवताना गाणाऱ्याचा आवाज वाढतो तसा पंखा, पाखरे, रस्त्यावरचा ट्रॅक्टर यांचाही आवाज तितकाच वाढतो. दोहोंमधले प्रमाण काही बदलत नाही. ते प्रमाण ठरते मुद्रण होत असताना, आणि ते मुख्यतः एका गोष्टीवर ठरते : माईक तोंडापासून किती दूर आहे.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की माईकपर्यंत पोचणारी आवाजाची तीव्रता चौथाई होते. शास्त्राच्या मापात ही घट सुमारे ६ डेसिबलची. उलट, फोन चार हातांवर होता तो एका हातावर आणला, तर आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो आणि खोलीतला गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. एक पैही खर्च न करता हा लाभ होतो! म्हणून फोन तोंडापासून वीतभर ते हातभर अंतरावर ठेवा. तोंडासमोर अगदी नाकासमोर धरू नका, थोडा बाजूला ठेवा. प, फ, भ म्हणताना तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो, तो थेट माईकवर आदळला की ‘धप्प’ असा आवाज येतो. बहुतेक फोनचा मुख्य माईक खालच्या कडेला असतो, तो बोटाने किंवा कव्हरने झाकला जात नाही ना, हेही पाहावे. फोन हातात न धरता घडी घातलेल्या सुती कापडावर ठेवला, म्हणजे हाताळण्याची खुडबुड मुद्रणात शिरत नाही.

दोघे बोलणारे असतील आणि एकाचा आवाज बारीक असेल, तर फोन त्याच्याजवळ सरकवा. दोघांच्या बरोबर मध्ये ठेवण्यात न्याय दिसतो, पण ऐकणाऱ्याला अर्धेच कळते.

आता दुसरी बाजू. आवाज कमी येऊ नये म्हणून पातळी फारच वाढवली, तर काय होते? माप भरल्यावर वर ओतलेले धान्य सांडते. मुद्रणाच्या मापालाही काठ असतो. पातळी दाखवणारी पट्टी असेल तर शून्य हा तो काठ. त्यापलीकडचा आवाज कापला जातो आणि ऐकताना फाटल्यासारखा लागतो. असा फाटलेला आवाज नंतर नीट जोडता येत नाही. म्हणून सर्वांत मोठा सूर उणे १२ च्या आसपास राहील एवढी पातळी ठेवावी. गाणारा रंगात आला की आवाज चढवतो, त्यासाठी तेवढी जागा मोकळी हवी. थोडा कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, सांडलेला मात्र गोळा करता येत नाही.

कित्येक फोन पातळी आपोआप सांभाळतात. गाणारी क्षणभर थांबली की ते पातळी वाढवतात आणि पंख्याचा आवाज एकदम वर येतो. ऐकताना गोंगाट लाटेसारखा वरखाली होत असेल, तर कारण हे समजावे आणि ही आपोआप सोय बंद करता येत असल्यास बंद करावी.

गोंगाट कोठून येतो, हे कसे ओळखावे? वैद्य आधी नाडी पाहतो, तसे आधी दहा सेकंद कुणीही न बोलता मुद्रण करा आणि कानाला हेडफोन लावून ऐका. सतत ‘हूं’ असा जाड स्वर असेल, तर तो बहुधा विजेचा. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, तोच हा स्वर. लॅपटॉपवर मुद्रण करत असाल तर चार्जर काढून पाहा. ‘स्स्स’ अशी सळसळ असेल, तर माईक दूर आहे किंवा पातळी फार चढवली आहे. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत असेल, तर दोष उघड्या भिंतींचा आणि फरशीचा. दोरीवर दोन गोधड्या टांगा, धान्याच्या पोत्यांच्या खोलीत बसा, फरक लगेच कळेल. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पंखा, चार्जर, जागा सारे एकदम बदलले, तर रोग कशाने बरा झाला ते कळणारच नाही.

ते दहा सेकंदांचे निःशब्द मुद्रण पुसू नका. ऑडासिटीसारखे मोफत मिळणारे संगणकीय साधन त्यावरून गोंगाटाची ओळख पटवून तो कमी करते. पण बेताने, जास्त घासले तर गळ्यातला जीवही निघून जातो.

आणि सगळाच गोंगाट शत्रू नसतो. जात्याची घरघर ही ओवीची ताल धरणारी साथ आहे. म्हणून ओवी दोनदा टिपा : एकदा शब्द स्पष्ट यावेत म्हणून जाते थांबवून, आणि एकदा जाते फिरवत. दुसऱ्या वेळी फोन आजीच्या तोंडाकडे, दगडापासून दूर ठेवा.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग मुलांकडून वर्गात करून घ्या. एकच कविता चार हातांवरून, दोन हातांवरून आणि एका हातावरून टिपा आणि लागोपाठ ऐकवा. मग विज्ञानाचा तो धडा निराळा शिकवावा लागणार नाही. आणि त्यानंतर त्या मुलांना आपापल्या आजीकडे पाठवा. जाताना मात्र सांगा : फोन जवळ ठेव, पंखा बंद कर, आणि आजी बोलत असताना तू गप्प बस.