गाडी उचलली, पण ॲक्सल कुठे गेला?

मागच्या भागात मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की गाडीला ५० मिलिमीटरची लिफ्ट बसवली, आता गाडी कशी रुबाबदार दिसते वगैरे. आज त्याच्या पुढची गोष्ट, आणि ती तेवढी रुबाबदार नाही. लिफ्ट बसवल्यानंतर पुढचे तीन आठवडे मी जी गाडी चालवत होतो ती सुरक्षित नव्हती. तिचा अलाइनमेंटचा कागद मात्र पूर्ण हिरवा होता. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, ते आज बोलू.

गाडी कोणती ते नवीन मंडळींसाठी सांगतो. पाच दरवाज्यांची जिम्नी, २०२३ ची. आपल्याकडे जून २०२३ मध्ये विक्रीला आली तीच. बाहेर मिळणारी तीन दरवाज्यांची जिम्नी आखूड आहे, तिचा व्हीलबेस २२५० मिलिमीटर. आपली २५९०. व्हीलबेस वाढला की पोट घासायची शक्यता वाढते. ग्राउंड क्लिअरन्स २१० आहे, पण बांधावरून गाडी पलीकडे नेताना मध्येच टेकते. मी राहतो साताऱ्यात, घर सांगलीला, शेताकडचा रस्ता म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये वरंबा. म्हणून लिफ्ट. निदान घरी तरी हेच कारण सांगितलं.

किट बसवलं त्या संध्याकाळी पहिली गोष्ट दिसली ती स्टिअरिंगची. गाडी सरळ चालली होती आणि स्टिअरिंग तिरकं. मला वाटलं, अलाइनमेंट केली की झालं. साताऱ्यातल्याच एका सेंटरला गेलो. त्यांनी टो मोजला, ॲडजस्ट केला, स्टिअरिंग व्हील काढून सरळ करून परत बसवलं आणि कागद हातात दिला. टो हिरवा, स्टिअरिंग सरळ. मी खूश.

मग शुक्रवारी हायवेला कराड सोडलं आणि ऐंशीच्या पुढे गाडी तरंगायला लागली. तरंगायला म्हणजे, स्टिअरिंग हलकं फुलासारखं, वळवलं की आपणहून परत येत नाही, आपण परत आणायचं. शेजारून ट्रक गेला की गाडी अर्धा फूट सरकायची. मी स्वतःला सांगितलं, उंच गाडी आहे, असंच असणार. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मॉडिफिकेशन केलेला प्रत्येक माणूस ते एकदा तरी स्वतःला सांगतो.

त्यानंतरच्या रविवारी आईला घेऊन कासला निघालो. यवतेश्वरच्या घाटात, वेग तीस-पस्तीस, साधं वळण. डॅशबोर्डवर ईएसपीचा दिवा लुकलुकला आणि गाडीनं स्वतःच एका चाकाला ब्रेक लावला. हिसका बसला, नाक कठड्याकडे गेलं. अर्ध्या सेकंदाचा प्रकार, पण दरीच्या बाजूला. वर पोहोचून गाडी बाजूला घेतली तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "ही आधी असं करत नव्हती ना रे?"

नव्हती. आणि कारण मी केलेलं काम होतं.

हा ईएसपीचा भाग मला रात्री बसून कळला, आणि कळल्यावर हसू पण आलं, कारण आमच्या धंद्यात हे रोज होतं. स्टिअरिंग कॉलममध्ये एक सेन्सर असतो, तो सांगतो की ड्रायव्हरनं स्टिअरिंग किती अंश फिरवलंय. लिफ्टमुळे गाडी सरळ जाताना कॉलम फिरलेल्या अवस्थेत राहायला लागला होता. सेंटरवाल्यानं नुसतं वरचं चाक काढून सरळ बसवलं. म्हणजे स्क्रीनवर दिसणारा आकडा बदलला, डेटाबेस तसाच. सेन्सर अजून म्हणतोय ड्रायव्हर वळवतोय, गाडी सरळ जातेय, आणि मधला कॉम्प्युटर समजतो की गाडी घसरली. तो बिचारा वाचवायलाच आला होता.

आता ॲक्सलकडे येऊ. बहुतेक कारना पुढे प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन वेगळं असतं. जिम्नीला पुढे अखंड ॲक्सल आहे. दोन चाकं एका जाड नळीच्या दोन टोकांना. ही नळी मागे-पुढे जाऊ नये म्हणून दोन आर्म आहेत, आणि डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा रॉड, पॅनहार्ड रॉड. त्याचं एक टोक चॅसीला, दुसरं ॲक्सलला. रॉडची लांबी ठरलेली. गाडी वर उचलली की रॉड जास्त तिरका होतो, आणि तिरक्या रॉडची आडवी पोच कमी भरते. मग ॲक्सल चॅसीच्या टोकाकडे ओढला जातो. म्हणजे अख्खा ॲक्सल गाडीखाली एका बाजूला सरकतो.

हे मला कागदावरून समजलं नव्हतं. ते दाखवलं सांगलीच्या एका मिस्त्रींनी. त्यांचं मूळ काम ट्रकचं आणि ऊस-ट्रॉल्यांचं. मी त्यांना तो हिरवा कागद दाखवला. त्यांनी बघितला, घडी घातली, माझ्या खिशात ठेवला. "ह्ये बरोबरच हाय. पर ह्यात गाडी कुठं हाय?" मग ओळंबा आणला. हो, गवंडी वापरतात तोच. पुढच्या चॅसीच्या दोन्ही बाजूंच्या एकसारख्या भोकांतून दोरी सोडली, खाली फरशीवर खडूनं खूण केली, आणि खुणेपासून दोन्ही रिमपर्यंत टेपनं मोजलं. एका बाजूला १४ मिलिमीटर जास्त. म्हणजे ॲक्सल ७ मिलिमीटर सरकलेला.

मी घरी जाऊन पायथागोरस केला, सवयच आहे. आकडे गोल करून सांगतो. रॉड ८०० मिलिमीटर, दोन टोकांच्या उंचीतला फरक आता १४०, म्हणजे लिफ्टच्या आधी ९०. आधीची आडवी पोच साधारण ७९५, आताची ७८७.७. फरक सात आणि थोडा. ओळंब्याचंही सात. बीटेकच्या चार वर्षांत पायथागोरसचा एवढा आनंद झाला नव्हता.

अलाइनमेंटचं मशीन हे का सांगत नाही? कारण ते चाकांचे कोन मोजतं. दोन्ही चाकं सरळ पुढे बघत असली की टो बरोबर. ॲक्सल सात मिलिमीटर शेजारी बसलाय का, हा प्रश्न त्याला नेहमीच्या कामात कुणी विचारतच नाही.

दुसरी गोष्ट कॅस्टर. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो बघा. हात सोडून सायकल सरळ जाते त्यात या तिरकेपणाचा मोठा वाटा. गाडीच्या चाकाचा वळण्याचा अक्षही तसाच मागे झुकलेला असतो, त्यामुळे स्टिअरिंग आपणहून सरळ होतं. जिम्नीचे आर्म चॅसीवर मागे अडकवलेले आणि पुढे ॲक्सलला घट्ट धरलेले. गाडी उचलली की आर्मचं पुढचं टोक खाली जातं, आणि त्याच्याबरोबर अख्खा ॲक्सल पुढे गोल फिरतो. झुकाव कमी. माझ्या गाडीचा कॅस्टर जवळपास दोन अंशांनी कमी झाला होता. कराडच्या पुढचं तरंगणं ते हेच. आणि हा आकडा त्याच हिरव्या कागदावर खाली छापलेला होता! लाल रंगात. मी वाचला नव्हता. सेंटरवाला म्हणाला होता, "तो ॲडजस्ट होत नाही साहेब." खरंच होत नाही. अखंड ॲक्सलला कंपनीकडून फक्त टो ॲडजस्ट करता येतो. कॅस्टरसाठी वेगळे पार्ट लागतात.

मग दुरुस्ती. इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि मी नेमका उलटा गेलो होतो.

आधी ॲक्सल मध्यावर. त्यासाठी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड घेतला, आटे फिरवून लांब केला, ओळंबा दोन्हीकडे सारखा येईपर्यंत. यात एक खाचखळगा आहे. हे सगळं गाडी चारही चाकांवर उभी असताना करायचं. जॅकवर लटकलेल्या गाडीचा ॲक्सल आणखी खाली जातो, तिथलं माप खोटं. बुशचे बोल्टही गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळायचे, नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मिस्त्री ते न सांगता करत होते, मीच विचारलं म्हणून बोलले.

रॉड लांब करण्याऐवजी ॲक्सलच्या बाजूला उंच ब्रॅकेट लावायचाही एक मार्ग आहे. पण पॅनहार्ड रॉड आणि स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक हे दोघं शक्यतो समांतर हवेत. एकाचाच कोन बदलला तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःहून हलतं. ५० मिलिमीटरसाठी मी त्या भानगडीत पडलो नाही.

मग कॅस्टर. आर्ममध्ये मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश बसवले. ते ॲक्सलला परत मागे फिरवतात. याची किंमत असते. ॲक्सल मागे फिरला की त्याला येणाऱ्या प्रॉपशाफ्टचं तोंड खाली जातं आणि सांध्याचा कोन बिघडतो. त्यामुळे गेलेला सगळा कॅस्टर परत मिळवायच्या मागे लागू नये. गाडी स्थिर होईल इतका घ्यावा. फोर-व्हीलमध्ये घातल्यावर माझ्या गाडीला अजून थोडी थरथर आहे.

त्यानंतर टो, दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरून. आणि सगळ्यात शेवटी स्टिअरिंग. आधी ते चाक काढून मूळ जागी बसवलं, आणि मग स्टिअरिंग बॉक्समधून समोरच्या चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक, त्याचे लॉकनट सैल करून, फिरवून सरळ आणलं. आता सेन्सरचं शून्य आणि रस्त्याचं शून्य एक झालं. ईएसपीचा दिवा परत लागलेला नाही.

जिप्सीवाल्यांसाठी थोडक्यात. तुमच्याकडे पाटे आहेत. पाटेच ॲक्सलला बाजूनं धरतात, पॅनहार्डचा प्रश्नच नाही. कॅस्टरसाठी पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचरी घालतात. पण पाट्याचा मधला बोल्ट तुटलेला असेल तर ॲक्सल मागे-पुढे सरकतो, म्हणून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी धरून मोजा.

आणि कायद्याचं सांगायलाच हवं, मागच्या भागात मी ते गाळलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच ठामपणे सांगितलं. नियमबाह्य बदलाला कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. यवतेश्वरला ते नाक कठड्याला लागलं असतं तर मी कोणत्या तोंडानं क्लेम मागितला असता? जुन्या स्प्रिंगा आणि शॉकअप मी पोत्यात बांधून ठेवलेत. बाबांचं म्हणणं, परत बसव. माझं अजून ठरलेलं नाही.

मिस्त्रींनी जाताना प्रत्येक लॉकनटवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून दिली, अर्धी नटवर, अर्धी दांड्यावर. नट हलला की रेघ तुटते. शुक्रवारी निघताना बॅटरी घेऊन गाडीखाली वाकतो. काल सहा रेघा बघितल्या, पाच सरळ होत्या. सहावी ड्रॅग लिंकवरची, केसभर सरकलेली. गाडी साताऱ्यातच ठेवली आणि एसटीनं सांगलीला आलो. पुढचा भाग तो नट आवळून झाल्यावर.