पत्ता अपुरा पडतो तेव्हा



मी मराठीचा अध्यापक. तरीही शताब्दीच्या या व्यासपीठावरून संगणकाच्या स्मृतीविषयी बोलणार आहे. कारण ग्रंथालय असो वा संगणक, साठवलेले सापडते ते पत्त्यामुळेच.

दाखल नोंदवहीत क्रमांकासाठी पाचच घरे आहेत असे समजा. १,२३,४५६ क्रमांकाच्या ग्रंथाचा पहिला अंक गळाला, तर नोंद २३,४५६ अशी होईल आणि वाचकाच्या हाती भलताच ग्रंथ पडेल.

संगणकाचा पत्ता ३२ बिटांचा असेल, तर ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे ४ गिगाबाइट स्मृती दर्शवता येते. १९९५ साली इंटेलच्या पेंटियम प्रो प्रोसेसरने स्मृतीचा प्रत्यक्ष पत्ता ३६ बिटांचा केला आणि मर्यादा ६४ गिगाबाइटवर नेली. परंतु कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, ३२ बिटांतूनच पाहत राहिला. लिनक्सच्या प्रचलित मांडणीत त्याला सुमारे ८९६ मेगाबाइट स्मृतीच थेट दिसे. त्यापलीकडचे पान हवे असल्यास एक राखीव खिडकी तात्पुरती त्या पानाकडे वळवायची आणि काम होताच मोकळी करायची, अशी युक्ती योजावी लागली.

युक्तीला मर्यादा होती. ६४ गिगाबाइटची ४ किलोबाइटप्रमाणे १,६७,७७,२१६ पाने होतात. प्रत्येकाच्या नोंदीस ३२ बाइट धरले, तरी नोंदवहीच ५१२ मेगाबाइटची! थेट दिसणाऱ्या जागेपैकी निम्म्याहून अधिक जागा तिनेच व्यापली.

खरा धोका मात्र निराळा. पानाचा क्रमांक ३२ बिटांत मावतो. त्याला ४,०९६ ने गुणून पत्ता काढताना उत्तर मावेनासे होते आणि वरचे अंक निमूटपणे गळतात. मग डिस्कवरून आलेला मजकूर दुसऱ्याच पानावर उमटतो. म्हणून प्रत्यक्ष पत्त्यासाठी कर्नेलमध्ये ६४ बिटांचा स्वतंत्र प्रकार ठेवतात. आणि आधी घरे वाढवायची, नंतर गुणाकार करायचा, हा क्रम कटाक्षाने पाळतात. २००३ साली एएमडीचे ६४ बिटांचे ऑप्टेरॉन प्रोसेसर आले. अशा यंत्रांवर ६४ बिटांचा कर्नेल चालवला की खिडकीची गरज उरत नाही.

चुकीचा पत्ता स्वतःहून तक्रार करीत नाही, हे त्यातले मर्म. आपल्या ग्रंथसूचीचे संगणकीकरण करताना आजच्या ग्रंथसंख्येपुरतीच घरे आखू नयेत. पुढील शंभर वर्षांत येणाऱ्या ग्रंथांनाही त्यांचा पूर्ण पत्ता मिळावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.