पाळीवर सिस्टर किती?

रात्रपाळी उतरून थेट सभागृहात आलेल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळी,

स्वामी रामानंद तीर्थ योगेश्वरीच्या याच अंबाजोगाईत शिक्षक होते आणि त्यांच्याच नावाचं वैद्यकीय महाविद्यालय इथे उभं आहे. केज-धारूरची माणसं पेशंट गाडीत घालून ‘अंबाजोगाईला नेतो’ म्हणतात, तेव्हा ती तुमच्याच भरवशावर निघालेली असतात.

आईच्या आजारपणात मी 11 रात्री एका वॉर्डात काढल्या. एका रात्री सलाईन संपलं, नळीत रक्त चढू लागलं. धावत गेलो. सिस्टर एकट्याच, समोर दम लागलेला म्हातारा. “दादा, नळीचं चाक बंद करा, आलेच.” त्या 40 मिनिटांनी आल्या. मी चिडलो होतो. चिडायला हवं होतं ते न भरलेल्या पदांवर.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो, शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका. तीन पाळ्या धरल्या की एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक, शिवाय रजेसाठी 30 टक्के राखीव. युरोपातल्या नऊ देशांतल्या 300 रुग्णालयांचा अभ्यास 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. रिकाम्या पदातून तिजोरीत वाचलेला पैसा रुग्ण असा भरतो! मे 2022 मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, तो संप म्हणूनच माझ्या आईसाठीही होता, असं मी मानतो.

आणि आपला बीड जिल्हा. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन साखर कारखान्यावर जातात. पोटुशी बाई फडात, तिच्या लेकराची लस राहिलेली. हा हिशेब उपकेंद्रातल्या एएनएमताईंच्या वहीत असतो. 2019 मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं. अंगावरून पांढरं जातंय, हे बाई डॉक्टरला सांगायला लाजते, सिस्टरला सांगते. ती सिस्टर गावात असती आणि तिला ऐकायला वेळ असता, तर त्या शस्त्रक्रियांतून काही जणी वाचल्या असत्या.

आजच्या ठरावांत माझा एक घ्या. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर फळा असावा आणि त्यावर रोज खडूने लिहावं, पाळीवर सिस्टर किती, रुग्ण किती. नातेवाइकांना ते वाचता आलं पाहिजे.

शेजारच्या दालनात नाश्ता मांडलाय. रात्रपाळीहून आलेल्यांनी आधी खाऊन घ्या, सभा तुमच्यासाठी थांबेल.