परक्याचे घड्याळ आणि आपली रात्रपाळी



हुंडणावळीच्या बाजारावर कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे पत्रिका वाचून पुष्कळांना वाटले असेल. अर्थशास्त्र मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. परंतु हा बाजार अखेर माणसेच चालवतात, आणि त्यांतली काही आपल्या अमरावती-अकोल्याकडची आहेत. म्हणून मी हा विषय पत्करला.

एका देशाचे चलन द्यायचे आणि दुसऱ्याचे घ्यायचे, हा व्यवहार सोमवारच्या पहाटेपासून शनिवारच्या पहाटेपर्यंत जगात अखंड चाललेला असतो. त्याला एक पेढी नाही, एक फाटक नाही. टोकियो, सिंगापूर, लंडन, न्यूयॉर्क येथल्या कचेऱ्या आपापल्या सकाळी उघडतात आणि उलाढाल एका शहराकडून दुसऱ्याकडे जाते. न्यूयॉर्कमध्ये सायंकाळचे पाच वाजले की बाजाराचा एक दिवस संपला, असा रिवाज आहे.

आता गोम अशी की, लंडन आणि न्यूयॉर्क उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्यात मागे आणतात. आपण तसे करीत नाही. त्यामुळे लंडनचे सकाळचे आठ आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला होतात, हिवाळ्यात दीडला. आपल्या बँकांचा रुपया-डॉलरचा बाजार सकाळी 9 ते दुपारी 3.30. म्हणजे लंडनशी त्याची गाठ उन्हाळ्यात तीन तास पडते, हिवाळ्यात दोनच तास. बरे, हे दोघे तरी घड्याळ एकाच दिवशी हलवतात काय? तेही नाही. यंदा, 2026 साली, अमेरिकेने ते 8 मार्चला हलवले, युरोपने 29 मार्चला. मधले तीन आठवडे न्यूयॉर्क उन्हाळ्यात आणि लंडन हिवाळ्यात! दोघेही रविवार निवडतात, आणि त्या वेळी बाजार बंद असतो; व्यापाऱ्याच्या चालू सौद्यात तास घुसत नाही. तो कुठे घुसतो ते पुढे सांगतो.

परमुलखाच्या भावावर डोळे लावून बसणे आम्हां वऱ्हाडकरांना नवे नाही. 1870 साली लॉर्ड मेयोने खामगावची रेल्वे सुरू केली, त्याच साली समुद्रातली तार इंग्लंडहून मुंबईला पोहोचली, आणि आमच्या कापसाचा भाव लिव्हरपूलच्या तारेने हलू लागला. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होता भाव मुंबईस येई, त्या आकड्यावर गोरगरीब पैसे लावीत. 1961 च्या सुमारास ते बंद पडले आणि मटका आला. आज तोच आकडा मोबाईलमध्ये शिरला आहे. लंडन-न्यूयॉर्क एकदम उघडे असतात ती वेळ साधा, श्रीमंत व्हा, असे पोरांना सांगतात. घड्याळाचे गणित त्यांचे बरोबर असते. पण ती पेढी कायदेशीर आहे की नाही, हे ते सांगत नाहीत. रिझर्व्ह बँकेने 2022 साली अशा अनधिकृत पेढ्यांची यादीच प्रसिद्ध केली. पैसे भरण्यापूर्वी ती पाहा, एवढेच म्हणतो.

घड्याळ कोणाचे, हा प्रश्न कामगाराने पूर्वीही विचारला आहे. सूर्याप्रमाणे अकोला आजच्या भारतीय वेळेच्या सुमारे 22 मिनिटे मागे आहे, अमरावती सुमारे 19. मुंबई तर 39 मिनिटे मागे. 1906 च्या जानेवारीत नवी वेळ गिरण्यांत लागू झाली तेव्हा जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी काम बंद केले आणि गिरणीच्या घड्याळावर दगड मारले. त्यांना अडाणी म्हणून लोक हसले. पण भोंगा 39 मिनिटे आधी वाजणार, हे त्या अडाण्यांना नेमके कळले होते. पुढे महायुद्धात, 1 सप्टेंबर 1942 पासून 1945 च्या ऑक्टोबरपर्यंत, आपल्या देशाचेही घड्याळ सरकारने एक तास पुढे ठेवले होते. ते निदान सर्वांचे होते.

आजचा प्रकार निराळा आहे. दर्यापूरकडचा एक मुलगा पुण्यात अशाच एका कचेरीत हिशेब जुळवण्याचे काम करतो. नेमणूक पत्रात लिहिले आहे: काम सायंकाळी सहाला सुरू, सुटी न्यूयॉर्कचा दिवस बंद झाल्यावर. तो मला म्हणाला, “काका, बसाची येळ तेच हाय, उठाची मातर बदलते.” उन्हाळ्यात तो रात्री अडीचला उठतो, हिवाळ्यात साडेतीनला. सुरुवात भारताच्या घड्याळाने, शेवट अमेरिकेच्या! 2 नोव्हेंबर 2025 ते 8 मार्च 2026 हे अठरा आठवडे. आठवड्याचे पाच दिवस धरले तर नव्वद रात्री, म्हणजे नव्वद तास. सुट्या, रजा वजा करा. तरी उरतात ते थोडे नाहीत. त्यांचा पगार? शून्य. कारण विचारले तर उत्तर मिळते, “आम्ही वेळ बदललीच नाही, अमेरिकेने बदलली.”

हे उत्तर मला मान्य नाही. मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंजमध्ये सोन्याचांदीचे वायदे अमेरिकेच्या उन्हाळी वेळेत रात्री 11.30 ला बंद होतात, हिवाळ्यात 11.55 ला. हा बदल परिपत्रक काढून आधी जाहीर करतात. सटोडियाला जे आधी कळवता येते, ते कारकुनाला का कळवता येऊ नये? आणि महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे जादा कामाला दुप्पट दर आहे. तो जादा तास न्यूयॉर्कमुळे झाला की अकोल्यामुळे, असा भेद त्या कायद्यात नाही.

म्हणून आम्ही पोरांना सांगतो की नेमणूक पत्रात दोनच गोष्टी लिहून घ्या. सुरुवात आणि शेवट एकाच घड्याळाने मोजावा, आणि ते कोणते हे नाव घालून लिहावे. मग सहाऐवजी सातला बोलावले तरी चालेल. तास तेवढेच राहतील. दुसरे, तारीख बदलण्याआधी महिनाभर लेखी कळवावे, म्हणजे पहाटेच्या गाडीची, घरच्या माणसांची सोय लावता येते. त्या मुलाने असा अर्ज दिला आहे, त्याच्यासोबत आणखी काहींनी सह्या केल्या आहेत. उत्तर अजून आलेले नाही. अमेरिकेचे घड्याळ 1 नोव्हेंबर 2026 ला पुन्हा मागे जाणार आहे. तोवर ते यावे, असा आमचा प्रयत्न चालू आहे.