शुद्धलेखनाची भीती नको
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर या भागांतील आपली कितीतरी मुले घरी उर्दू, दखनी किंवा कोकणी बोलतात. मराठी निबंध लिहायचा म्हटले, की ऱ्हस्व-दीर्घाच्या धास्तीने त्यांचा हात थांबतो. "ही आपल्या घरची भाषा नाही, शुद्धलेखन आपल्याला कुठले जमणार?" असे पालकही म्हणतात. हा गैरसमज दूर व्हावा, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू.

शुद्धलेखन कोणीही घरून शिकून येत नाही. ते सर्वांनाच नियमांवरून शिकावे लागते. पूर्वी 'नाहीं', 'कांहीं' असे उच्चारात नसलेले अनुस्वारही द्यावे लागत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि ते अनुस्वार गेले. १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली. म्हणजे एकूण नियम १८. एवढे आपल्या मुलांना जड नाहीत.

उलट, उर्दू जाणणाऱ्या मुलाजवळ एक किल्ली आधीच आहे. वकील, गरीब, नशीब, जमीन हे शब्द उर्दूत 'ये' घालून लिहितात, मजूर 'वाव' घालून. मराठीतही तेथे दीर्घच आहे. पुढची पायरी मात्र मराठीची. प्रत्यय लागला, की हा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो: वकिलाला, गरिबाने, नशिबात, जमिनीवर, मजुराचा. मूल-मुलाला, फूल-फुलांचा यांना जो नियम, तोच यांना. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तेवढे बदलत नाहीत: शरीर-शरीरात, संगीत-संगीताचा. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दांना नियमांनी मराठीच्या घरचेच मानले आहे. मग ते बोलणाऱ्या मुलांनी स्वतःला परके का समजावे?

अनुस्वाराचेही तसेच. 'शिक्षकाने' म्हटले तर एक शिक्षक. 'शिक्षकांनी' म्हटले तर अनेक, किंवा एकच, पण आदराने. 'वडिलांनी' लिहिताना टिंब गाळले, तर आदरच गळतो.

विरामचिन्हांकडेही लक्ष हवे. उर्दूत पूर्णविराम ही छोटी आडवी रेघ असते आणि स्वल्पविराम उलट्या तोंडाचा. मराठीत मेजर कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी धर्तीची चिन्हे रूढ केली. दोन्ही लिप्या लिहिणाऱ्या मुलाला हा फरक एकदा शेजारी शेजारी लिहून दाखवावा. तो विसरणार नाही. आणि निबंधात दुसऱ्याचे वाक्य घेतले, तर ते अवतरणचिन्हांत घालून लेखकाचे नाव द्यावे. ही शिस्त पुढे महाविद्यालयातही उपयोगी पडते.

२०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. पुढे अर्ज, नोकरी, कचेरी, न्यायालय, सगळीकडे हेच लेखन कामी येणार आहे. माझी शिक्षक बांधवांना विनंती आहे, की नुसत्या तांबड्या रेघा मारू नका. समासात नियमही लिहा. पालकांनी गुण किती मिळाले हे जरूर विचारावे, पण आज कोणता नियम समजला, हेही विचारावे. आठवड्याला एक नियम घेतला, तरी शालेय वर्ष संपण्याआधी अठराही नियम पुरे होतात.